दोन पावलं मागे

टण्ण.

बेडरूममधल्या कपाटावरून आवाज आला आणि मी कॅलामाईनची बाटली हातात धरून तशीच थांबले. जुई कशीबशी झोपली होती. तीन दिवस कांजिण्या, तीन दिवस शाळा बंद, तीन दिवस "आई, पाठ", "आई, मान", "आई, इथे नाही, इथे". आता कुठे घर गप्प झालं होतं. मी श्वास रोखून तिच्याकडे पाहिलं. पापणी हलली नाही.

आवाज व्हायोलिनचा होता. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी पडते, लाकडाच्या खुंट्या आकसतात आणि पेटीत बंद असलेली एखादी तार आपली आपणच सुटते. मी खुर्चीवर चढून पेटी खाली काढली, खालच्या खोलीत नेली आणि उघडली. दुसरी तार लोंबत होती. झाकणाच्या आतल्या खिशात घडी घातलेला कागद होता. तो तिथे आहे हे मला माहीत होतं. म्हणूनच तर पेटी कपाटावर होती.

सहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधल्या एका संगीत महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेचं पान. वर नाव, 'लॉक नाईन रॅम्बलर्स'. खाली पाच माणसं, पाच वाद्यं, आणि प्रत्येकाच्या पुढे तो कुठून, काय शिकून आला त्याची दोन-दोन ओळींची माहिती. माझ्यापुढे मात्र एकच शब्द आहे.

तो शब्द डेरेकने लिहून घेतला होता.

*

"थांबा. थांबा, थांबा." ग्रॅहमने बँजोच्या तारांवर पंजा ठेवला. "रूजू, तू परत तेच केलंस."

"काय केलं?"

"डेरेक गात असताना वाजवलंस."

"हळूच वाजवलं."

"हळू की मोठ्याने हा प्रश्न नाहीये. वाजवलंस. आणि वर उशिरा वाजवलंस."

आम्ही मेथडिस्ट चॅपलच्या, म्हणजे एका छोट्या चर्चच्या, स्वयंपाकघरात होतो. दर रविवारी दुपारी तिथेच तालीम चालायची. चॅपलमध्ये आता पाच म्हाताऱ्या बायका सोडून कुणी येत नसे, पण चहाचं भांडं पन्नास माणसांचं होतं. सिंकशेजारी मायक्रोफोनचा स्टँड उभा होता. सगळ्या बँडला मिळून तो एकच.

हे नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं तंतुवाद्यांचं गाणं. बँजो, मँडोलिन, गिटार, उभा मोठा बास आणि व्हायोलिन, ज्याला ते फिडल म्हणतात. ढोल नाही, ताशा नाही. जुन्या पद्धतीने वाजवणारे सगळे एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहतात. गाणारा मध्ये असतो. कडवं संपलं की ज्याची पाळी तो पुढे सरकतो, आपला तुकडा वाजवतो आणि बाजूला होतो. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. कुणी कुणाला अडवत नाही, कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. पाहायला फार सुंदर दिसतं, फुगडी घालणाऱ्या बायकांसारखं.

आणि मला ते जमत नव्हतं.

मी मिरजेची. बाबा गाणं शिकवायचे, आसपासच्या गावांत गायचेही. मला अकराव्या वर्षापासून त्यांनी मागे साथीला बसवलं. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून. साथ कशी करायची ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. "गाणाऱ्याच्या पुढे जायचं नाही. बरोबरही नाही. अर्धं पाऊल मागे राहायचं. तो श्वास घ्यायला थांबला की त्याचा स्वर तू धरून ठेवायचास. गवयाचा श्वास संपतो ऋजू, गाणं संपत नाही."

पंधरा वर्षं मी तेच केलं होतं. माणूस गायला लागला की माझा हात आपोआप त्याच्या मागून चालायला लागायचा. यात विचार नव्हता. रस्ता ओलांडताना मुलाचा हात धरतो, तसं.

"हा प्रतिध्वनी आहे," ग्रॅहम म्हणाला. "डेरेक एक ओळ गातो आणि मागून तू तीच ओळ, अर्धी मात्रा उशिरा. लोकांना वाटेल आमची फिडलवाली झोपेत आहे."

"मला चालतं," डेरेक म्हणाला.

"तुला सगळंच चालतं, डेरेक. परवा तुला सादळलेली बिस्किटंही चालली."

"सादळली नव्हती. थकली होती."

कीरन हसला. कीरन मँडोलिन वाजवायचा. धंद्याने प्लंबर. मला बँडमध्ये आणलं ते त्यानेच. आमचा बॉयलर दुरुस्त करायला आला होता, पाना हातात घेऊन म्हणाला, "ती पेटी कुणाची?" मी म्हटलं, माझी. "वाजव की." मी जमिनीवर बसून यमन वाजवला. त्याने बॉयलर तसाच उघडा टाकून अर्धा तास ऐकलं आणि रविवारी चॅपलमध्ये ये म्हणाला. त्याचे आजोबा आयर्लंडचे. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबल भिंतीला सरकवून नाच चालायचा आणि सहा वर्षांचा कीरन मँडोलिन घेऊन सिंकच्या ओट्यावर बसलेला असायचा.

तेव्हा मला इंग्लंडमध्ये येऊन दीड वर्ष झालं होतं. नवऱ्याची, केदारची, हॉस्पिटलात ड्युटी, दिवस दिवस मी आणि कालव्याकाठची बदकं. ऋजूचं रूजू करून का होईना, माझ्याशी नावाने बोलणारी माणसं म्हणजे ती चार. एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत मी त्या स्वयंपाकघरावर जगायची, हे मी केदारलाही सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी जमिनीवर बसायला गेले तेव्हा डेरेकने अंगातला कोट काढून फरशीवर पसरला होता. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मिरजेत असते तर डेरेककाका म्हटलं असतं, अहो-जाहो केलं असतं. इथे सगळे एकेरी. मला ते महिनाभर जड गेलं.

पण मायक्रोफोन एकच आणि तो उभ्या माणसांच्या उंचीचा. तेव्हा मी हनुवटीखाली धरून उभ्याने वाजवायला शिकले. चार महिने मान आखडली. ते जमलं. अर्धं पाऊल मागे राहायची खोड काही जाईना.

ग्रॅहमने सिंकशेजारी छोटं रेकॉर्डिंग यंत्र ठेवलं होतं. आता त्याने ते सुरू केलं आणि टेबलावर पेन्सिलीने मात्रा वाजवायला लागला. गाणं डेरेकचं स्वतःचं होतं, त्याच्या आईवर. पहाटे अंधारात दिवा घेऊन पुलावरून कापडगिरणीत जाणारी आई. डेरेकचा आवाज, आणि मागून माझं व्हायोलिन. टक टक टक. "हे बघ, इथे." टक टक. "आणि इथे."

मला उशीर होत होता. अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. त्याच्या पेन्सिलीच्या हिशोबात मी चूक होते आणि बाबांच्या हिशोबात बरोबर, आणि दोन्ही हिशोब एकाच टेबलावर मांडता येत नव्हते. मी सांगायचा प्रयत्न केला. "आमच्याकडे साथ म्हणजे..."

"तुमच्याकडे असेल," ग्रॅहम म्हणाला. दुष्टपणाने नाही. ग्रॅहम दुष्ट नव्हता. तालीम संपली की बारा मैल वाकडी वाट करून तो मला घरी सोडायचा, आणि मला दिवस गेल्याचं कळल्यापासून गाडी इतकी हळू चालवायचा की मागचे हॉर्न द्यायचे. चाळीस वर्षं त्याने शाळेत गणित शिकवलं होतं. कॉलेजात असताना तबकड्या अर्ध्या गतीवर लावून, एकेक स्वर कागदावर उतरवून बँजो शिकला होता. त्याच्या लेखी प्रत्येक स्वराला ठरलेलं घर होतं आणि दाराबाहेर उभा असलेला स्वर म्हणजे उनाड पोर.

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा डेरेकला महोत्सवाच्या मोठ्या तंबूत बोलावलंय," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं. मला ती स्वच्छ हवीत. तू नुसते ब्रेक वाजव, रूजू. तुझे ब्रेक मला आवडतात. पण तो गात असताना गज खाली. हे जमणार नसेल तर या वेळी ब्रेक कीरन घेईल."

म्हणजे मी घरी. बदकं.

"जमेल," मी म्हटलं.

ग्रॅहमने खिशातून खडू काढला. शाळेतून निवृत्त होऊनही त्याच्या खिशात खडू असायचा. मायक्रोफोनपासून दोन पावलं मागे त्याने फरशीवर फुली मारली. "ही तुझी जागा. ब्रेक आला की पुढे. संपला की इथे."

पॉलीन, डेरेकची बायको, बासला टेकून सगळं ऐकत होती. नऊ वर्षांची असल्यापासून ती गिरणीच्या ब्रास बँडमध्ये स्वतःपेक्षा मोठा ट्युबा वाजवायची. गुडघे गेले तेव्हा फुंकणं सोडून तिने बासच्या तारा ओढायला घेतल्या. बोलायची कमी.

"ग्रॅहम," ती म्हणाली, "पोरीला वाजवू दे की."

"का?"

पॉलीनने डेरेककडे पाहिलं. डेरेक गिटारच्या खुंट्यांशी काहीतरी करत होता.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा टाकते."

त्याच दिवशी चहा पिताना पत्रिकेचा मजकूर ठरला. ग्रॅहम लिहीत होता. "डेरेक, तुझं काय लिहू?"

"बारा वर्षांचा असताना चहाच्या खोक्याला झाडूची काठी आणि दोरी बांधून बास केला. मग बसगाड्या दुरुस्त केल्या. मधल्या काळात गात होतो."

"पॉलीन?"

"लिही, नवऱ्यापेक्षा मोठं वाद्य."

"रूजू? भारतीय शास्त्रीय, गुरु-शिष्य, असं काही? लोकांना आवडतं."

माझी सगळी विद्या तर दहा मिनिटांपूर्वी दोन पावलं मागे नेऊन उभी केली होती.

"मी सांगतो," डेरेक म्हणाला. "लिही, ऐकते."

"ऐकते? एवढंच?"

"एवढंच. आपल्यापैकी दुसरं कुणी ऐकतं का?"

सगळे हसले. ग्रॅहमने लिहिलं.

*

रात्री बाबांना फोन केला नाही. त्यांची सकाळ होईपर्यंत थांबले. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील.

"त्यांच्या घरी त्यांची रीत," बाबा म्हणाले. "पाहुण्याने मीठ त्यांच्या चवीनं घालावं."

"पण बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, स्वर सोडायचा नाही म्हणून?"

"आपल्या गाण्यात. तिकडे ते लोक श्वास कसा घेतात ते तुला ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे. डेरेक तिसऱ्या कडव्याआधी फार मोठा श्वास घेतो."

"तब्येत सांभाळ," बाबा म्हणाले. "आणि उभी फार राहू नकोस."

मग मी ते शिकले. ते शिकणं नव्हतंच, विसरणं होतं. डेरेक गायला लागला की उजवा हात खाली घ्यायचा आणि गज मांडीला घट्ट दाबून धरायचा. फुलीवर उभं राहायचं. मात्रा मोजायच्या. सुरुवातीला हात नुसता खेचायचा. मग खेचायचा थांबला. पोटात जुई फिरायला लागली होती, तिच्यावर लक्ष ठेवायची.

आणि त्याच महिन्यात डेरेक चुकायला लागला.

पहिल्यांदा दुसऱ्या कडव्याच्या जागी त्याने पहिलंच परत म्हटलं. सगळे हसले. "पन्नास वर्षं एकच गाणं गातोयस आणि शब्द विसरतोस?" कीरन म्हणाला. "स्वतः लिहिलेलं?" डेरेक म्हणाला, "म्हणून तर. लिहिणारा आळशी होता." पुढच्या रविवारी एका ओळीला तो नुसता गुणगुणला. पॉलीन एकदम ओरडली, "लक्ष कुठाय तुझं!" तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्यानंतर तिने कागदावर ठळक अक्षरांत शब्द लिहून आणले आणि गिटारच्या वरच्या कडेला चिकटवले.

"स्टेजवर कागद नाही," ग्रॅहम म्हणाला. "रिवाज आहे."

"रिवाज," पॉलीन म्हणाली आणि कागद फाडून काढला. गिटारवर चिकटपट्टीचा पांढरा तुकडा राहिला.

हे सगळं माझ्यासमोर झालं. मी फुलीवर उभी होते. मी मात्रा मोजत होते.

*

महोत्सवाच्या दिवशी दुपारी तीनला आमची वेळ होती. मोठा पांढरा तंबू, खाली गवत, आणि ऊन असं की इंग्लंडमध्ये मी पुन्हा पाहिलं नाही. पाचसहाशे माणसं घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन बसली होती. सातवा महिना. पॉलीनने मला स्टेजमागे बादलीवर बसवलं आणि आल्याचं बिस्किट दिलं.

"घाबरलीस का, लव्ह?" तिकडे सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात, भाजीवालासुद्धा.

"नाही. तू?"

तिने माझा हात धरला. काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात ग्रॅहम आला, हातात खडू. तो स्टेजवर जाऊन फुली मारून आला होता.

सुरुवातीची गाणी वाऱ्यासारखी गेली. मी पुढे गेले, ब्रेक वाजवले, मागे आले. टाळ्या पडल्या. कीरनने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मला खोटं सांगायचं नाही, मला फार आनंद झाला होता. शेवटचं गाणं ते आईचं. डेरेकने टोपी काढून खाली ठेवली.

पहिलं कडवं. आई पुलावरून गेली. माझा ब्रेक. दुसरं कडवं. गिरणीच्या खिडक्यांत दिवे लागले. कीरनचा ब्रेक. मग डेरेक मायक्रोफोनजवळ सरकला आणि त्याने तो मोठा श्वास घेतला. तिसऱ्या कडव्यात मुलगा मोठा झालाय आणि तो आईला म्हणतो, आता दिवा खाली ठेव, मी उजेड करतो.

"मदर," डेरेक गायला.

आणि थांबला.

बँजो, मँडोलिन आणि बास स्वरांचं चक्र फिरवत राहिले. एक फेरी झाली. लोकांना वाटलं असेल, भावना आहे. डेरेकने डोळे उघडले आणि मान वळवली. पॉलीनकडे नाही. ग्रॅहमकडे नाही. माझ्याकडे. माझ्या चेहऱ्याकडेही नाही, माझ्या हाताकडे. मांडीला दाबून धरलेल्या गजाकडे.

पुढची ओळ माझ्या बोटांत होती. चार स्वर. ते वाजवायला एक श्वास पुरला असता.

मी ग्रॅहमकडे पाहिलं.

ग्रॅहमने अगदी बारीक मान हलवली. नाही. आणि हनुवटीने कीरनला खूण केली, पुढे हो. दुसरी फेरी संपता संपता कीरन पुढे सरकला आणि त्याने ब्रेक घेतला, सुरेख घेतला. डेरेक बाजूला झाला. तिसरं कडवं आलंच नाही. गाणं वाद्यांवर संपलं.

लोक उभे राहिले. कुणाला काही कळलं नव्हतं.

स्टेजमागे ग्रॅहमने माझे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे ओले होते. "स्वच्छ," तो म्हणाला. "रूजू, आज पहिल्यांदा सगळं स्वच्छ होतं. तो अडखळला तेव्हासुद्धा तू जागची हलली नाहीस. याला म्हणतात बँड."

मी हात सोडवून घेतले.

डेरेक व्हॅनच्या मागच्या उघड्या दारात बसला होता, पाय खाली सोडून. शेजारी पॉलीन उभी. मी जवळ गेले.

"सॉरी," मी म्हटलं.

"कशाबद्दल?" डेरेक म्हणाला. "तू काही चुकली नाहीस. गंमत सांगू का? मला वाटत होतं मी बरा होतोय. गेलं वर्षभर शब्द सापडत होते. ओळ संपायची आणि पुढची आपोआप यायची. मला वाटायचं, अरे वा, अजून आहे डोकं जागेवर." तो हसला. "ते तू देत होतीस. तू मागून सूर धरून ठेवायचीस आणि त्याच्या टोकाला शब्द असायचे. तू थांबलीस तेव्हा कळलं."

"तुला आठवत नाही हे..."

"डॉक्टरने नाव सांगितलंय. तेही विसरलो." तो पुन्हा हसला, पण पॉलीन हसली नाही.

मी तिच्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"गेल्या सप्टेंबरपासून."

"मग सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. लोक वळून बघायला लागले. "एक शब्द सांगितला असतास! एक! मी त्या ग्रॅहमला..."

"काय केलं असतंस?" पॉलीन म्हणाली. "सांगितलं असतं तर त्याच रविवारी ग्रॅहमने माझ्या माणसाला गाण्यावरून काढून गिटारवर बसवलं असतं. प्रेमाने बसवलं असतं. डेरेकने माझ्याकडून शपथ घेतली होती, एवढा ऑगस्ट होऊ दे म्हणून." तिचा आवाज खाली आला. "मला वाटलं होतं, तू ऐकणार नाहीस. ग्रॅहम काय म्हणेल ते म्हणेल, ऐन वेळी तू वाजवशीलच. हात थोडाच राहतो."

हात राहिला होता. मी राखला होता. मला घरी बसायचं नव्हतं म्हणून.

"बिस्किट आहे का गं आणखी?" डेरेकने विचारलं. पॉलीनने खिशातून काढून दिलं. त्याने अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

*

त्यानंतर डेरेक लोकांपुढे गायला नाही. ग्रॅहमला कळलं तेव्हा तो आठ दिवस घराबाहेर पडला नाही, असं कीरन म्हणाला. मग त्याने मला त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत चिठ्ठी नव्हती. बँड पुढे चालला का, मी विचारलं नाही. नोव्हेंबरात जुई झाली, आम्ही दुसऱ्या गावी आलो.

ती तीन महिन्यांची असताना मी एकदा गेले होते. पॉलीनने जुईला मांडीवर घेतलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसले, घोट्यावर टेकवून, आणि ते गाणं वाजवलं. तिन्ही कडवी. जिथे जिथे तो श्वास घ्यायचा तिथे तिथे मी स्वर धरून ठेवला, ग्रॅहमच्या पेन्सिलीला वेड लागावं इतका. तिसऱ्या कडव्याशी मी थांबले, वाट पाहिली, परत धरला, परत वाट पाहिली. डेरेक पायाने ठेका धरून ऐकत होता.

संपलं तेव्हा तो म्हणाला, "छान वाजवतेस. याच्यावर गातं कोण?"

बाबांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांनी एकदा विचारलं, "तिकडच्या साथीचं काय झालं?" मी म्हटलं, "शिकले."

*

तार परत चढवली. मग फोन उघडला आणि ते रेकॉर्डिंग शोधून काढलं. शेवटचं गाणं, आवाज अगदी बारीक. सहा वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. जुई उठेपर्यंत ऐकून बंद करायचं, असा विचार होता.

जिन्यावर पावलं वाजली. उठली होती. अंगभर गुलाबी ठिपके, एक हात सदऱ्याच्या आत, खाजवत.

"खाजवू नकोस."

"नाही खाजवत. हे काय आहे?"

"गाणं."

ती येऊन माझ्या मांडीत बसली. अंग अजून कोमट होतं. "हे टिंगटिंग काय आहे?"

"बँजो. ग्रॅहमकाका."

"आणि हे ढुम ढुम?"

"पॉलीनआजी. तिने तुला मांडीवर घेतलं होतं."

"आणि ही तू." तिला विचारावं लागलं नाही. पहिल्या ब्रेकमध्येच तिने मला ओळखलं. "मी कुठे होते?"

"तिथेच. पोटात."

"म्हणजे मी पण वाजवत होते."

"हो."

ती खूश झाली आणि माझ्या छातीला डोकं टेकून ऐकायला लागली. दुसरं कडवं संपलं. कीरनचं मँडोलिन येऊन गेलं. मग डेरेकचा तो मोठा श्वास फोनमधूनही ऐकू आला. माझा उजवा हात जुईच्या पाठीवर होता. तो आपोआप उचलला गेला.

"मदर," डेरेक म्हणाला.

चक्र फिरत राहिलं. एक फेरी. जुईने डोकं वर केलं, फोन कानाजवळ नेला, पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घालून.

"आजोबा थांबले," ती म्हणाली. "ते मदर म्हणाले आणि थांबले. आई, तू कुठे आहेस?"